पगारापलीकडची मिळकत
पोलिसाची विश्रांती, सन्मान आणि शिक्षण यांचा घरच्या आरोग्याशी असलेला संबंध

पोलिसाच्या घरातील वडीलधाऱ्यांना दिवसातून दोनदा घड्याळ पाहण्याची सवय लागलेली असते. एकदा मुलगा किंवा सून कामावर निघते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा परतण्याची वेळ टळून जाते तेव्हा. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठरवलेला दिवस बंदोबस्तामुळे पुढे जातो, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तरी आणायला कोणी नसते, आणि रात्रपाळी करून आलेला मुलगा दुपारी झोपला की घरातील म्हातारी माणसे आवाज न करता वावरतात. या घरांत पगार वेळेवर येतो, परंतु पगाराने भरून न येणारे बरेच काही कमी पडत असते. ही उणीव भरून काढण्याची साधने शासनाकडे आणि पोलीस खात्याकडे काही प्रमाणात आहेत. ती कोणती, त्यांचा आरोग्याशी काय संबंध आणि कुटुंबाने ती कशी मिळवावीत, याचा येथे विचार करू.

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका या दृष्टीने डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. तालुक्याचे नाव केळापूर असले तरी कचेऱ्या, न्यायालय आणि बाजार पांढरकवड्याला. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ येथूनच जातो आणि पाटणबोरी-पिंपळखुटी ओलांडली की तेलंगणाची सीमा लागते. एकीकडे टिपेश्वरचे अभयारण्य, दुसरीकडे कापसाची शेते आणि मधूनमधून कोलामांचे पोड व गोंडांची वस्ती. महामार्गावरील अपघात, सीमेवरची तपासणी, जंगलालगतच्या गावांतील वाघाचे भय, नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला लोटणारी गर्दी, आणि त्यानंतर लगेच येणारा पुढचा सण, असे येथील पोलिसाचे वर्ष असते. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ आणि मोठ्या रुग्णालयांचे नागपूर दोन्ही दूर. त्यामुळे घरात आजारी वृद्ध असतील तर कमावत्या माणसाचा एक मोकळा दिवस औषधाइतकाच मोलाचा ठरतो.

कायदा काय म्हणतो, शरीर काय म्हणते

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ नुसार पोलीस सदैव कामावर असल्याचे मानले जाते. संकटकाळी कोणत्याही क्षणी बोलावता यावे, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण कायद्यातील ‘सदैव’ हा शब्द रोजच्या हजेरीत उतरला की शरीर त्याची किंमत मोजू लागते. पोलीस संशोधन व विकास विभागासाठी हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने केलेला देशव्यापी अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पोलीस ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांहून अधिक काम करतात, असे त्यात आढळले. २०१९ च्या ‘भारतातील पोलीस व्यवस्थेची स्थिती’ या अहवालात पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी १४ तास काम करतात, असे नमूद आहे.

या आकड्यांशेजारी आरोग्याचे आकडे ठेवून पाहावे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. दिवसाला १४ तास म्हणजे चार दिवसांतच ५६ तास. आठवड्याचे तीन दिवस अजून शिल्लक असतातच.

रात्रीच्या जागरणाचा प्रश्न याहून वेगळा. आपल्या शरीराचे आतले घड्याळ सूर्याच्या उजेडाशी जुळलेले असते. पाळ्या सतत बदलल्या की झोप, भूक, रक्तातील साखर आणि रक्तदाब यांची लय बिघडते. त्यात अवेळी खाणे, चहावर चहा आणि उभ्याने केलेला बंदोबस्त यांची भर पडली की चाळिशीतच मधुमेह, आम्लपित्त, पायांच्या शिरा फुगणे आणि कंबरदुखी मागे लागते. निवृत्तीनंतर वडील पोलिसांमध्ये दिसणाऱ्या अनेक व्याधींची मुळे या वर्षांत असतात.

मोबदल्याचे तीन प्रकार

योहानेस सिग्रिस्ट या वैद्यकीय समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये एक उपयुक्त सिद्धान्त मांडला. माणूस कामात जेवढे श्रम ओततो, त्या मानाने प्रतिफळ मिळाले नाही तर तो असमतोल मनात सलत राहतो, आणि दीर्घकाळ राहिला तर हृदयविकारासारख्या आजारांची शक्यता वाढवतो. सिग्रिस्ट यांच्या मते प्रतिफळ तीन प्रकारचे असते : पैसा, मान, आणि पुढे जाण्याची संधी व नोकरीची शाश्वती. म्हणजे पगार हा या तिहेरी मोबदल्याचा केवळ एक भाग झाला.

पोलिसाच्या बाबतीत हा विचार विशेष लागू पडतो. लोक ठाण्यात येतात ते संकटात, रागात किंवा भीतीत. काम चांगले झाले तर ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि चूक झाली तर सर्वांना दिसते. शिवाय १९६६ च्या पोलीस दले अधिकार निर्बंध अधिनियमामुळे त्यांना इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे मोकळेपणाने कामगार संघटनेचे सदस्य होता येत नाही. अशा परिस्थितीत वेळेवर दिलेली सुट्टी, जाहीरपणे केलेले कौतुक आणि शिकण्याची संधी हा त्यांच्या आरोग्यरक्षणाचाच भाग ठरतो.

पहिले बक्षीस : विश्रांती

महाराष्ट्रात या दिशेने पडलेले एक महत्त्वाचे पाऊल एका साध्या पोलीस शिपायाच्या विचारातून आले. मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यातील रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या तीन पाळ्यांची योजना कागदावर मांडून वरिष्ठांपुढे ठेवली. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती मनावर घेतली, आणि २०१६ च्या मे महिन्यात देवनारला तिचा प्रयोग सुरू झाला. पुढे मुंबईतील इतर ठाण्यांतही तिचा अवलंब झाला. ही घडी सर्वत्र आणि सर्वकाळ टिकली, असे मात्र नाही. मनुष्यबळ अपुरे असले की पहिला घाव कर्मचाऱ्याच्या विश्रांतीवरच पडतो. तरीही आहे त्या माणसांत कामाची फेरमांडणी करून विश्रांती देता येते, हे त्या प्रयोगाने दाखवले. आणि मार्ग सुचवणारा माणूस सर्वांत खालच्या पायरीवरचा होता, हा त्यातील दुसरा धडा.

जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या कामाची व्यवस्था प्रायोगिक तत्त्वावर राबवण्यास सांगितले. वृद्ध सासू-सासऱ्यांची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास आणि ठाण्यातील पाळी असे तिहेरी ओझे वाहणाऱ्या स्त्रियांना याचे महत्त्व सांगायला नको. त्याच वर्षी राज्यातील पोलिसांच्या वार्षिक किरकोळ रजा १२ वरून २० करण्यात आल्या. इतर राज्यांतही असे प्रयत्न झाले. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पोलिसांना साप्ताहिक सुट्टी देण्याचा निर्णय घेतला, तर तामिळनाडूत २०२१ मध्ये साप्ताहिक सुट्टीबरोबर वाढदिवस आणि लग्नाच्या वाढदिवसालाही रजा देण्याचे आदेश निघाले.

सुट्टीच्या दिवशी काम केल्यास त्याचा मोबदला देण्याची पद्धत आहे, आणि अनेक घरांना त्या पैशांचा आधारही वाटतो. परंतु बुडालेली झोप पैशाने परत मिळत नाही. आईला तपासणीसाठी नागपूरला नेण्याचा हुकलेला दिवस पुढच्या महिन्यात भरून निघेलच, याची खात्री नसते. घरातील ज्येष्ठांनी मुलाला हे समजावून सांगितले तर ‘सुट्टी विकण्याचा’ मोह थोडा कमी होईल.

विश्रांतीचे मोल कोविडच्या काळात आणखी ठळकपणे दिसले. एप्रिल २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ५५ वर्षांवरील कर्मचाऱ्यांना घरी राहण्यास सांगितले. वय आणि जुने आजार लक्षात घेऊन माणसाला धोक्यापासून दूर ठेवणे हाही त्याच्या दीर्घ सेवेचा सन्मानच होता.

दुसरे बक्षीस : मान

राष्ट्रपतींच्या नावाने दिली जाणारी विशिष्ट सेवेची आणि गुणवत्तापूर्ण सेवेची पोलीस पदके १ मार्च १९५१ रोजी सुरू झाली. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन या निमित्ताने ती जाहीर होतात. महाराष्ट्रात पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्ह महाराष्ट्र दिनाच्या सुमारास घोषित होते. त्यात अधिकाऱ्यांबरोबर हवालदार आणि शिपायांचीही नावे असतात. दोन लाखांच्या आसपास असलेल्या दलात अशी पदके मोजक्यांनाच मिळणार, हे उघड आहे. म्हणूनच घटकाच्या पातळीवर मिळणारे प्रशस्तिपत्र, सेवापुस्तिकेत झालेली चांगल्या कामाची नोंद, हजेरीच्या वेळी सर्वांसमोर घेतलेले नाव यांचे महत्त्व अधिक. हे द्यायला खर्च लागत नाही, पण ते न मिळाल्याची खंत कित्येक निवृत्तांच्या बोलण्यात वीस वर्षांनीही ऐकू येते.

निवृत्त पोलिसांच्या बाबतीत काळजीवाहकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तीस-पस्तीस वर्षे गणवेश घातलेल्या माणसाचा गणवेश एका संध्याकाळी उतरतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी ‘साहेब’ किंवा ‘जमादार’ म्हणत नाही, वायरलेसचा आवाज थांबतो, आणि तरी पहाटे तीनला जाग येतच राहते. चिडचिड, अबोला किंवा दिवसभर झोपून राहणे यांकडे हट्टीपणा म्हणून पाहू नये. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, भूक गेली, झोप उडाली किंवा ‘आता जगून काय उपयोग’ असे शब्द तोंडी आले तर डॉक्टरांना दाखवावे. जुनी प्रशस्तिपत्रे कपाटातून काढून नातवंडांसमोर त्यामागची हकीकत विचारणे हा घरगुती उपाय साधा आहे, पण त्याने मनाला उभारी येते.

पोलीस स्मृतिदिनाचेही स्मरण ठेवावे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत दहा पोलीस धारातीर्थी पडले. तेव्हापासून हा दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशी गावातील शाळेने किंवा ज्येष्ठ नागरिक संघाने निवृत्त पोलिसांना बोलावून दोन शब्द बोलायला सांगितले, तर तोही समाजाने दिलेला मान होय.

तिसरे बक्षीस : शिक्षण आणि पुढची पायरी

धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांच्या स्थितीचा विचार केला होता. शिपाई केवळ हुकूम पाळणारा यांत्रिक नोकर न राहता विचाराने काम करणारा असावा आणि गुणांच्या जोरावर त्याला वर चढता यावे, अशी त्यामागील दृष्टी होती. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते, तर उपनिरीक्षकपदाच्या सरळसेवा भरतीसाठी पदवी लागते. सेवेत असताना घेतलेली पदवी म्हणून उपयोगी पडते. उपनिरीक्षकपदासाठी सरळसेवा, खात्यांतर्गत परीक्षा आणि ज्येष्ठतेनुसार पदोन्नती असे वेगवेगळे मार्ग नियमांत राहिले आहेत. त्यांचे प्रमाण व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू परिपत्रक पाहूनच तयारी करावी.

बदल्या आणि पाळ्या सांभाळून महाविद्यालयात रोज जाणे शक्य नसते. अशांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देत आहे. पुस्तके घरी, अभ्यासकेंद्र जवळपास आणि परीक्षा ठरलेल्या वेळी, ही पद्धत पोलिसाच्या वेळापत्रकाशी त्यातल्या त्यात जुळते. अडचण येते ती परीक्षेच्या दिवशी बंदोबस्त लागला की. म्हणून परीक्षेचे वेळापत्रक हाती पडताच रजेचा अर्ज प्रवेशपत्राच्या प्रतीसह द्यावा. वरिष्ठांनी अशी रजा शक्यतो नाकारू नये. त्यातून सुशिक्षित आणि समाधानी सहकारी ठाण्यालाच मिळतो.

केळापूरसारख्या तालुक्यात आणखी एका शिक्षणाची गरज आहे. कोलाम ही केंद्र सरकारने विशेष दुर्बल आदिवासी गटांत समाविष्ट केलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक. पोडावरच्या म्हातारीला आपली तक्रार मराठीत नीट सांगता येत नाही. सीमेपलीकडून आलेला ट्रकचालक तेलुगू बोलतो. कोलामी, गोंडी किंवा तेलुगूची शंभर-दोनशे वाक्ये येणारा बीट अंमलदार निम्मे भांडण आवाज न चढवता मिटवू शकतो. प्रथमोपचार आणि हृदय-पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण हेही असेच. महामार्गावरच्या अपघातस्थळी बहुतेक वेळा पोलीस डॉक्टरांच्या आधी पोहोचतो. हाताला असे कौशल्य आले की आपण कुणाचा जीव वाचवू शकतो हा विश्वास येतो, आणि कामाचा ताण सोसण्याची ताकद त्यातून मिळते.

मुलांच्या शिक्षणाबाबतही एक तरतूद माहीत असावी. दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात हुतात्मा झालेल्या राज्य पोलिसांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत २०१९ पासून सामावून घेण्यात आले. त्यांच्यासाठी वर्षाला ५०० नव्या शिष्यवृत्त्या ठेवल्या गेल्या, आणि रक्कम मुलांना महिना २,५०० व मुलींना ३,००० रुपये अशी ठरली. रक्कम पैशात दिली जात असली तरी तिचा अर्थ शैक्षणिक आहे : गेलेल्या माणसाच्या मागे त्याच्या लेकरांचे शिक्षण थांबू नये. अशा घरांत अर्ज भरण्याचे काम अनेकदा आजी-आजोबांवर येते. त्यांना शेजाऱ्यांनी आणि खात्यातील सहकाऱ्यांनी हाताला धरून मदत करावी.

घरच्यांनी काय करावे

१. आरोग्य योजनेची चौकशी करावी. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर मान्यताप्राप्त रुग्णालयांत उपचार मिळतात. आपल्या घरातील कोण पात्र आहे, नावे नोंदवली आहेत का आणि जवळचे मान्यताप्राप्त रुग्णालय कोणते, हे आजार येण्यापूर्वीच जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या कल्याण शाखेत विचारून एका वहीत लिहून ठेवावे.

२. रजेचे नियोजन महिनाभर आधी करावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, दातांचे काम, वार्षिक तपासणी अशा ठरवून करता येणाऱ्या गोष्टी सण, निवडणूक आणि यात्रा यांच्या तारखा टाळून घ्याव्यात. डॉक्टरांची चिठ्ठी अर्जाला जोडावी.

३. रात्रपाळीनंतरची झोप राखावी. खोलीत अंधार, मोबाइल दूर, पाळीच्या शेवटच्या तीन-चार तासांत चहा-कॉफी नाही आणि झोपण्यापूर्वी हलके जेवण. भरपेट जेवून लगेच आडवे होऊ नये. झोपेत घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे होत असेल तर तपासणी करून घ्यावी.

४. जागरणानंतर दुचाकी चालवू देऊ नये. रात्रभर जागलेला माणूस महामार्गावर क्षणभर डुलकला तरी पुरते. वीस मिनिटे ठाण्यातच डोळे मिटून मग निघावे, किंवा सहकाऱ्यासोबत यावे.

५. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन आणि कंबरेचा घेर यांची नोंद ठेवावी. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, घाम, तसेच तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडे बोलणे यांपैकी काही दिसले तर ‘पाळी संपल्यावर पाहू’ म्हणू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ताबडतोब बोलवावी.

६. दरबारात बोलावे. पोलीस घटकांत वरिष्ठांसमोर अडचणी मांडण्यासाठी दरबार भरतो. घरातील वृद्धांचे आजारपण, परीक्षा, जोडीदाराच्या बदलीची अडचण हे विषय तेथे लेखी मांडावेत. संकोचाने गप्प राहणाऱ्याची अडचण वरिष्ठांपर्यंत पोहोचतच नाही.

काळजीवाहकांनी स्वतःकडेही पाहावे. पोलिसाची पत्नी किंवा पती, आई-वडील हे अनेकदा रुग्णाची सेवा, मुलांचे शिक्षण आणि कमावत्याच्या झोपेची राखण एकाच वेळी करतात. आठवड्यातून दोन तास कुणीतरी बदली बसावे, असे शेजाऱ्यांशी किंवा पोलीस वसाहतीतील इतर कुटुंबांशी ठरवून घ्यावे. आज आपण त्यांच्या आजोबांजवळ बसावे, उद्या त्यांनी आपल्या आईला डॉक्टरांकडे न्यावे. वसाहतीत राहण्याचा हा लाभ कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला नसतो, पण तो सर्वांत लवकर हाती येतो.

खात्याकडून नवी तरतूद येईल, मनुष्यबळ वाढेल, पाळ्या नियमित होतील, अशी अपेक्षा ठेवावीच आणि ती संबंधितांना सांगावीही. तोपर्यंत जे आधीच मंजूर आहे, ते वाया जाऊ देऊ नये. वर्षाच्या शेवटी किती किरकोळ रजा उरल्या, साप्ताहिक सुट्ट्या किती मिळाल्या, वैद्यकीय तपासणी झाली का आणि मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरला का, एवढे चार प्रश्न घरातील ज्येष्ठांनी मुलाला, मुलीला किंवा सुनेला प्रेमाने विचारावेत. त्यांची उत्तरे पगारपत्रकात सापडत नाहीत. पण दहा वर्षांनंतर त्या घरातील माणसे कशी असतील, हे बऱ्याच अंशी या चार उत्तरांवरून कळते.